ब्रूसार, झोझेफ (बोसोलेय)

(१७०२ – ऑक्टोबर १७६५). उत्तर अमेरिकेतील फ्रेंच भाषिक अकेडियन समाजाचा पुढारी व लुइझिअ‍ॅनातील पहिल्या मोठ्या अकेडियन वसाहतीचा प्रमुख. ‘बोसोलेय’ या उपनावाने तो विशेष परिचित आहे. अकेडियातील पोर्ट रॉयल (सध्याचे अ‍ॅनॅपोलिस रॉयल, नोव्हास्कोशा, कॅनडा) येथे त्याचा जन्म झाला. १७२५ मध्ये आन्येस तिबोदो हिच्याशी त्याचा विवाह झाला. पुढे तो आणि त्याचा थोरला भाऊ आलेक्सांद्र हे पेटिटकोडिअ‍ॅक नदीच्या खोऱ्यात (सध्याचा न्यू ब्रन्सविक प्रांत) स्थायिक झाले.

अकेडियन शेतकऱ्यांनी सतराव्या शतकापासून फंडी उपसागराच्या काठी मातीचे बांध घालून व त्यांत झडपांच्या मोऱ्या बसवून भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदलीची जमीन लागवडीस आणली होती. उत्रेक्तच्या तहाने (१७१३) अकेडियाचा मुख्य भाग फ्रान्सकडून ब्रिटनकडे गेला. तथापि तेथील प्रजा फ्रेंच भाषिक व रोमन कॅथलिकच राहिली. युद्धप्रसंगी कोणत्याही पक्षाकडून शस्त्र धरावे लागणार नाही, या समजुतीवर बहुतेकांनी १७३० च्या सुमारास ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेतली. त्यामुळे त्यांना ‘तटस्थ फ्रेंच’ असे म्हणत. ब्रूसार या तटस्थतेत राहिला नाही. मिकमॅक या मूळ रहिवाशांशी त्याचे निकटचे संबंध होते. फ्रेंच सैन्यास साहाय्य केल्यावरून १७४७ मध्ये मॅसॅचूसेट्सचा गव्हर्नर विल्यम शर्ली याने त्याला बंडखोर ठरविले. जून १७५५ मध्ये बोसेझूर किल्ल्याच्या वेढ्यात तो इंग्रजांविरुद्ध लढला.

अकेडियन लोकांनी बिनशर्त शपथ घेण्यास नकार दिल्यावर २८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्स येथे लेफ्टनंट गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स व त्याचे मंडळ यांनी त्यांच्या हद्दपारीचा निर्णय घेतला. गावे जाळण्यात आली, गुरेढोरे जप्त झाली आणि त्या वर्षअखेरपर्यंत सहा हजारांहून अधिक लोक जहाजांतून अटलांटिक किनाऱ्यावरील ब्रिटिश वसाहतींत पाठविण्यात आले. त्यांना मुद्दाम निरनिराळ्या वसाहतींत विभागण्यात आले. कारण ते पुन्हा एकत्र येऊ नयेत, हा या धोरणाचा उघड हेतू होता. व्हर्जिनियाने तर त्यांना ठेवून घेण्याचेही नाकारून १७५६ मध्ये इंग्लंडला रवाना केले. ही हद्दपारी १७६३ पर्यंत चालू राहिली. रोगराई, उपासमार व जहाजे बुडणे यांमुळे हजारो लोक मृत्यू पावले.

ब्रूसारने जंगलांचा आश्रय घेऊन गनिमी पद्धतीने प्रतिकार चालू ठेवला व जहाज सज्ज करून फंडी उपसागरात ब्रिटिश वाहतुकीवर हल्ले केले. परंतु क्वेबेकच्या पाडावानंतर (१७५९) फ्रेंच मदतीची आशा मावळली आणि अन्नटंचाईमुळे पेटिटकोडिअ‍ॅक परिसरातील कुटुंबांना शरण जावे लागले. ब्रूसारही अखेरीस ब्रिटिशांच्या हाती पडला व प्रथम एडवर्ड किल्ल्यात आणि नंतर हॅलिफॅक्स येथे बंदिवासात राहिला.

पॅरिसच्या तहाने (१७६३) युद्ध संपले, तरी अकेडियनांना त्यांच्या जमिनी परत मिळाल्या नाहीत. त्यांवर न्यू इंग्लंडमधील वसाहतवाले येऊन बसले होते. बिनशर्त शपथ घेऊन पांगून राहणे किंवा प्रांत सोडणे, एवढेच पर्याय उरले. १७६४ च्या अखेरीस हॅलिफॅक्समधील अकेडियनांनी स्वखर्चाने जहाजे ठरवून प्रांत सोडला. त्यांतील ब्रूसारचा गट कॅरिबियनमधील सँ-दोमँग (सध्याचे हैती) या फ्रेंच वसाहतीस पोहोचला. तेथील उष्ण हवामान व साथी यांनी आधी आलेल्या अकेडियनांची मोठी हानी झाली होती. तेथे न थांबता तो पुढे निघाला आणि फेब्रुवारी १७६५ मध्ये न्यू ऑर्लीअन्स येथे पोहोचला. तेथील फ्रेंच अधिकाऱ्यांनी या गटाची संख्या १९३ नोंदविली आहे.

त्या वेळी लुइझिअ‍ॅनाची स्थिती विलक्षण होती. फ्रान्सने १७६२ मध्येच हा प्रदेश गुप्त तहाने स्पेनला दिला होता. परंतु स्पॅनिश गव्हर्नर आंतोन्यो दे उल्योआ १७६६ मध्ये येईपर्यंत कारभार फ्रेंच अधिकारी शार्ल ओब्री व निकोला फूको यांच्याच हाती होता. खजिना रिकामा असतानाही त्यांनी आगंतुकांना शिधा, बियाणे व अवजारे पुरविली. यात करुणेबरोबर व्यवहारही होता. न्यू ऑर्लीअन्सला मांसाचा पुरवठा हवा होता आणि पश्चिमेकडील अटाकपा प्रदेशातील गवताळ मैदाने पशुपालनास अनुकूल होती.

४ एप्रिल १७६५ रोजी आंत्वान दोतरीव या निवृत्त लष्करी अधिकाऱ्याशी अकेडियनांच्या आठ प्रतिनिधींनी करार केला; ब्रूसार बंधू त्यांत होते. दोतरीवने प्रत्येक कुटुंबास वासरांसह पाच गाई व एक वळू द्यावा, सहा वर्षांनंतर तेवढी जनावरे परत घेऊन उरलेली वाढ उभयतांनी निम्मी-निम्मी वाटून घ्यावी, असे त्याचे सामान्य स्वरूप होते. ज्यांची सर्व गुरे दहा वर्षांपूर्वी जप्त झाली होती, त्यांना भांडवलाविना पुन्हा उभे राहण्याची ही वाट होती. ८ एप्रिल रोजी ओब्रीने ब्रूसारला नागरी सेनेचा कप्तान व अटाकपा प्रदेशातील अकेडियनांचा प्रमुख नेमले. आयुष्याचा बराच काळ बंडखोर म्हणून वावरलेल्या माणसास वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळालेले हे अधिकारपद होते.

बायू टेश या प्रवाहाच्या काठी त्यांनी वस्त्या वसविल्या. मात्र त्याच उन्हाळ्यात साथीचा रोग पसरला. काही कुटुंबे मिसिसिपीच्या काठी परतली. सप्टेंबरमध्ये आलेक्सांद्र मरण पावला आणि २० ऑक्टोबर १७६५ रोजी, प्रमुखपदी नेमणूक झाल्यापासून साडेसहा महिन्यांच्या आत, ब्रूसारचे दफन झाल्याची नोंद आहे. हे स्थळ सध्याच्या ब्रूसार गावाजवळ असावे.

वसाहत मात्र टिकली. पुढील वर्षांत इतर गट येऊन मिळाले आणि १७८५ मध्ये स्पेनच्या खर्चाने सात जहाजांतून सुमारे १,६०० अकेडियन फ्रान्सहून लुइझिअ‍ॅनात आले. ‘अकेडियन’ या शब्दाच्या अपभ्रंशातून त्यांच्या वंशजांना ‘केजन’ हे नाव पडले. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांतून इंग्रजी सक्तीची केल्यावर त्यांची भाषा झपाट्याने मागे पडली. तिच्या जतनासाठी राज्याने १९६८ मध्ये मंडळ स्थापिले आणि १९७१ मध्ये २२ परगण्यांच्या भागास ‘अकेडियाना’ म्हणून मान्यता दिली. कॅनडात २००३ मध्ये राजघोषणेद्वारे हद्दपारीच्या अन्यायाची कबुली देण्यात आली.

ब्रूसारविषयी केजन समाजात वीरकथा प्रचलित असल्या, तरी त्याचे खरे कार्य रणांगणापेक्षा वसाहतीत दिसते. तथापि ज्या भूमीवर ती उभी राहिली, ती मुळात अटाकपा व चिटिमाचा लोकांची होती आणि पुढे काही अकेडियन कुटुंबांनी गुलामही बाळगले, हेही विसरता येत नाही. विखुरण्यासाठीच हद्दपार केलेल्या लोकांना त्याने गट म्हणून एकत्र ठेवले, गट म्हणूनच करारास उभे केले आणि शेजारी-शेजारी वसविले. त्यामुळे अकेडियन समाजास स्वतःची भाषा व परंपरा घेऊन नव्या प्रदेशात रुजता आले.