वसाहतकालीन प्रत्यार्पण करार आणि नवस्वतंत्र राष्ट्रे

एका देशात गुन्हा करून दुसऱ्या देशात आश्रय घेतलेल्या व्यक्तीस पहिल्या देशाच्या स्वाधीन करणे म्हणजे प्रत्यार्पण होय. साम्राज्यसत्तांनी आपल्या वसाहतींच्या वतीने केलेले प्रत्यार्पण करार स्वातंत्र्यानंतरही बंधनकारक राहतात का, हा आंतरराष्ट्रीय कायद्यातील वादाचा विषय आहे. करार टिकून आहे असे मानल्यास त्याआधारे व्यक्तीस परकीय सरकारच्या ताब्यात देता येते. तो संपुष्टात आला असे मानल्यास त्यावर आधारलेली मागणी निराधार ठरते. याचे उत्तर प्रामुख्याने संबंधित राष्ट्रांच्या संमतीवर व वर्तनावर अवलंबून असते.

सिद्धांत

करारविषयक उत्तराधिकारासंबंधीच्या १९७८ च्या व्हिएन्ना कराराने ‘कोरी पाटी’ हे तत्त्व स्वीकारले. पूर्वीच्या सत्तेचा करार त्या प्रदेशास लागू होता, केवळ एवढ्याच कारणाने नवस्वतंत्र राष्ट्र तो पाळण्यास बांधील नसते (कलम १६). द्विपक्षीय करार दोन्ही राष्ट्रांच्या स्पष्ट किंवा वर्तनातून व्यक्त झालेल्या संमतीने चालू राहतो (कलम २४). करारांनी निश्चित केलेल्या सीमांवर मात्र उत्तराधिकाराचा परिणाम होत नाही (कलम ११). हा करार १९९६ मध्ये अमलात आला. भारत त्याचा पक्षकार नाही.

टांगानिकाची भूमिका

टांगानिका ९ डिसेंबर १९६१ रोजी स्वतंत्र झाला. ब्रिटनने केलेले द्विपक्षीय करार परस्परतेच्या तत्त्वावर दोन वर्षे पाळले जातील आणि त्या मुदतीत नव्याने मान्य न झालेले करार, रूढ आंतरराष्ट्रीय कायद्याने टिकणारे वगळता, संपुष्टात येतील, अशी घोषणा त्याने केली. ज्युलियस न्येरेरे यांच्या नावावरून या भूमिकेस ‘न्येरेरे सिद्धांत’ म्हणतात.

भारत

भारताने वेगळा मार्ग स्वीकारला. १९४७ च्या एका आदेशान्वये ब्रिटिश भारताच्या आंतरराष्ट्रीय करारांतील हक्क व दायित्वे नव्या अधिराज्यांकडे आली. तथापि ब्रिटिश साम्राज्यांतर्गत कायद्यांची स्थिती निराळी होती. मद्रास राज्य विरुद्ध सी. जी. मेनन (१९५४) या खटल्यात, १८८१ च्या फरारी गुन्हेगार कायद्याखाली सिंगापूरकडे आरोपी सोपवता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. कारण प्रजासत्ताक भारत आता ब्रिटिश अंमलाखालील प्रदेश राहिला नव्हता.

प्रत्यार्पण कायदा, १९६२ मधील ‘प्रत्यार्पण करार’ या संज्ञेच्या व्याख्येत, १५ ऑगस्ट १९४७ पूर्वी झालेल्या आणि भारतावर बंधनकारक असलेल्या करारांचा समावेश आहे. पुढे रोझिलिन जॉर्ज विरुद्ध भारत संघ या खटल्यात ब्रिटन व अमेरिका यांच्यातील १९३१ चा करार भारतावर बंधनकारक असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला. भारत व अमेरिका यांनी १९९७ मध्ये स्वतंत्र प्रत्यार्पण करार केला.