कांदोळी टाइम सिरीज

कांदोळी टाइम सिरीज (कॅट्स) : गोव्यातील बार्देश तालुक्याच्या कांदोळी गावासमोर अरबी समुद्रात असलेले दीर्घकालीन परिसंस्था-निरीक्षण स्थानक. सु. 15° 31' उ. व 73° 39' पू.; किनाऱ्यापासून सु. 10 किमी.; पाण्याची खोली 30 मी.पेक्षा कमी. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (स्थापना 1 जानेवारी 1966) 1997पासून येथील पाण्याची वारंवार तपासणी करीत आली आहे. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर दरवर्षी तळाच्या पाण्यातील ऑक्सिजन संपत जातो. या घटनेची सर्वांत सलग नोंद याच स्थानकावर झाली आहे.

पद्धती : ठरलेल्या खोलींवर नमुना-बाटल्या सोडून पाणी वर काढतात. तापमान, क्षारता, विरघळलेला ऑक्सिजन, नायट्रेट, नायट्राइट, फॉस्फेट, हरितद्रव्य आणि प्लवक यांची मोजणी होते. ऑक्सिजन विंक्लर पद्धतीने मोजतात. हवेचा स्पर्श झाला तर तळाच्या पाण्याचे मापन चुकते, म्हणून नमुन्यात रसायने बोटीवरच मिसळावी लागतात. ज्या महिन्यांत समुद्र खवळलेला असतो, त्याच महिन्यांत सर्वांत महत्त्वाचे बदल सुरू होतात. त्यामुळे पावसाळ्यातील प्रत्येक नमुना मोलाचा ठरतो.

वार्षिक चक्र : नैऋत्य मोसमी काळात किनारी प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खोलवरचे थंड पाणी वर चढून उथळ भूखंडमंचावर पसरते. त्यात पोषकद्रव्ये भरपूर असतात, पण ऑक्सिजन मुळातच कमी असतो. त्याच वेळी धो धो पाऊस आणि मांडवी-जुवारीसारख्या नद्यांचे पाणी यांमुळे पृष्ठभागावर गोड्या पाण्याचा हलका थर तयार होतो. हा थर झाकणासारखा बसतो व हवेतील ऑक्सिजन खाली पोहोचू देत नाही. वर वाढलेले प्लवक मरून तळाशी जाते आणि त्याच्या कुजण्यात उरलासुरला ऑक्सिजनही खर्च होतो. त्यानंतर जीवाणू नायट्रेट वापरू लागतात. नायट्रेटही संपले की सल्फेटकडे वळतात आणि विषारी हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. ही अवस्था साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरात गाठली जाते. पुढे प्रवाह उलटतो, खोलचे पाणी मागे हटते आणि हिवाळ्यात तळाला पुन्हा ऑक्सिजन मिळतो. फेब्रुवारी ते मे या काळात पोषकद्रव्ये तुटपुंजी असतात. तेव्हा हवेतील नायट्रोजन बांधून घेणाऱ्या ट्रायकोडेस्मियमचे तपकिरी पट्टे पाण्यावर दिसतात.

निष्कर्ष : एस. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी 2000मध्ये ‘नेचर’मध्ये पश्चिम भूखंडमंचावरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. ऑक्सिजन कमी होत असताना या पाण्यात नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात साठतो, हे त्यांनी दाखवले. उष्णता अडवण्याची या वायूची क्षमता शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सु. 270 पट आहे. जुन्या मोजमापांशी तुलना करून ऑक्सिजनची टंचाई तीव्र होत आहे आणि जमिनीवरील खतांतून वाहून येणारा नायट्रोजन त्यामागे असू शकेल, असेही त्यांनी मांडले. ही टंचाई मुळात नैसर्गिक आहे. कार्ल बान्से यांनी 1968च्या लेखात भारत-पाकिस्तानच्या भूखंडमंचावरील कमी ऑक्सिजनच्या पाण्याचे तळाजवळच्या माशांवर होणारे परिणाम वर्णिले होते. शिवाय ही टंचाई दरवर्षी सारख्या तीव्रतेने येत नाही. म्हणून मोसमाचा चढउतार कोणता आणि माणसाची भर किती, हे ठरवण्यासाठी दशकांची नोंद लागते.

मासेमारीशी संबंध : गोव्यातील यांत्रिक मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते. ऑगस्टमध्ये बोटी समुद्रात उतरतात, तेव्हा तळाचा ऑक्सिजन घटत चाललेला असतो. तळाचे मासे अशा पाण्यातून निघून जातात, म्हणून ही नोंद मच्छीमारांच्याही कामाची आहे.

तुलना : खुल्या महासागरात हवाई व बर्म्युडाजवळील मालिका 1988मध्ये सुरू झाल्या. किनारी खारकच्छांवरही असे काम होते. अमेरिकेतील व्हर्जिनिया किनारा 1987मध्ये तेथील दीर्घकालीन परिसंस्था संशोधन जाळ्यात आला. ओडिशातील चिल्काच्या जीवसृष्टीचे पद्धतशीर सर्वेक्षण 1914मध्ये अ‍ॅनन्डेल व केम्प यांनी आरंभले. हे सरोवर 1993मध्ये रामसर कराराच्या धोकाग्रस्त पाणथळींच्या यादीत गेले. 23 सप्टेंबर 2000 रोजी समुद्राकडे नवे मुख खोदल्यावर क्षारता सावरली आणि 2002मध्ये ते यादीतून बाहेर आले. मुख उघडण्याआधीची मोजमापे हाती होती, म्हणूनच सुधारणा सिद्ध करता आली. कांदोळीचे मोलही तेच आहे. नद्यांतून येणारा नायट्रोजन कमी करण्याचा उपाय उद्या झाला, तर त्याचा परिणाम याच आकड्यांवर तपासता येईल. गेलेल्या वर्षाचे पाणी मागाहून मोजता येत नाही. म्हणून ही मालिका अखंड ठेवणे हे सार्वजनिक कर्तव्य आहे.