मडमबाईंच्या व्हरांड्यात

थांबा! बूट तसाच पायात घालू नका. आधी उलटा करा, दोनदा चांगला आपटा, आत विंचू नाही ना ते बघा आणि मगच घाला. या घरात गेली छत्तीस वर्षं रोज पहाटे हेच चाललंय.

तुम्ही अहमदनगरला आहात. साल १९११, डिसेंबरचा महिना. बाहेर अजून अंधार आहे. भिंगारच्या छावणीतला बिगूल नुकताच वाजून गेला, त्याच्यामागोमाग गावातली बांग आली आणि आता कुठल्यातरी देवळातली घंटा वाजते आहे. थंडी अशी की तांब्याला हात लावला तर बोटं बधिर होतात. पलंगाखाली वाकून बघा, चारही पाय पाण्याच्या वाडग्यांत उभे आहेत. मुंग्या वर चढू नयेत म्हणून ही सोय. मच्छरदाणी बाजूला सारलीत की एकदम वास येतात: रात्री विझवलेल्या रॉकेलच्या दिव्याचा, मागच्या पडवीतल्या ताज्या सारवणाचा, चुलीत पेट घेणाऱ्या बाभळीच्या फाट्यांचा आणि पुस्तकांच्या कपाटातल्या कापराचा. कपाटाला हात लावताना मात्र जपून. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ची आवृत्ती तिथे आहे आणि एका पावसाळ्यात वाळवीने तिचा एक कोपरा फस्त केलाय. साहेब अजून ती पानं हळूच उलटतात, आजारी माणसाला कूस बदलायला मदत करावी तशी.

या घरात दोन म्हातारी माणसं राहतात. अमेरिकन मराठी मिशनची. त्यांची नावं विचारू नका. नगरला अशी जोडपी बरीच होऊन गेली, त्यांच्यातूनच हे एक मी तुमच्यासाठी उभं केलंय. मिशनची पहिली माणसं मुंबईत उतरली १८१३ साली, नगरला ठाणं झालं १८३१ साली. आपली ही दोघं त्यामानाने उशिरा आली. सुएझचा कालवा झाल्यानंतर, आगबोटीने, लग्न होऊन जेमतेम महिना-दीड महिना झाला होता तेव्हा. आता साहेब पासष्टीला टेकलेत. मडमबाई बासष्टच्या. धर्म बदलावा की नाही, कुणी बदलावा, हा वाद मोठा आहे आणि तो आजचा नाही. आज त्यांच्याबरोबर फक्त एक दिवस काढायचा आहे.

चला, जेवणाच्या खोलीत. ओटची लापशी, वर म्हशीचं तापवलेलं दूध आणि चिमूटभर गूळ. साखर संपली होती तेव्हा गूळ घातला आणि मग तोच आवडला. पाव ताडीने फुगवलेला, म्हणून जरा आंबूस. मुरंबा मात्र कैरीचा, बरणी उघडल्या उघडल्या वेलदोड्याचा घमघमाट येतो. खाणं झालं की सगळे पुढच्या खोलीत जमतात: स्वयंपाकी, माळी, टांगेवाला, आया, शाळेतली दोन-तीन मुलं. प्रार्थना मराठीत. तुमचं लक्ष साहेबांच्या उच्चारांकडे जाईल. ‘ळ’ अगदी चोख. ‘ण’ही नगरी. फक्त ‘र’ अजून थोडा जिभेवर लोळतो. गणित करताना आणि चिडल्यावर ते इंग्रजीवर येतात, पण गुरांशी, पोरांशी आणि देवाशी मराठीतच बोलतात.

उजाडलं. आता व्हरांडा.

इथे जरा सावरून उभे राहा, कारण गर्दी अंगावर येणार आहे. पायरीपासून कडुनिंबापर्यंत माणसं. घोंगड्यांचा ओला लोकरी वास, तान्ह्या पोरांच्या टाळूवरच्या तेलाचा वास, तंबाखू, घाम. डोळे आलेलं पोर किंचाळतंय. एका म्हाताऱ्याला सोडचिठ्ठीचं भांडण मिटवून हवंय. एकीला लेकासाठी रेल्वेत नोकरीची चिठ्ठी. कुणाला खरजेवर गंधकाचं मलम, कुणाला हिवतापावर कोयनेल, कुणाला एरंडेल. एरंडेल कुणालाच नको असतं, पण मडमबाईंना नाही म्हणायची सोय नाही. मोठा आजार असेल तर बायका-पोरांना मिशनच्या दवाखान्यात धाडतात. तो डॉ. रूथ ह्यूम बघतात, नगरच्या ह्यूमसाहेबांची लेक. तुमच्या हातात एव्हाना कापसाचा बोळा आणि कोमट पाण्याचं भांडं आलेलं असेल. घ्या, त्या पोराचे डोळे पुसा. हात थरथरला तरी चालेल, मडमबाईंचाही पहिल्या वर्षी थरथरायचा.

दोन तास असेच जातात. मिशनरी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे भाषण करणारा माणूस येतो. इथे उभं राहिलं की कळतं, या दोघांचा बराचसा दिवस ऐकण्यात जातो. साहेब वेताच्या खुर्चीत पुढे झुकून, कानामागे हात धरून ऐकतात, कारण डावा कान गेलाय. मडमबाई उभ्याने ऐकतात आणि ऐकता ऐकता पट्ट्या गुंडाळतात.

गर्दी ओसरते तेव्हा एक बाई कडेवर पोर घेऊन पायरीशी येते. हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, हातात दोन-दोन बांगड्या. ती पुढे होऊन मडमबाईंना ‘आई’ म्हणते. हिची गोष्ट तुम्हाला कळायला हवी. संवत छप्पन्नच्या दुष्काळात, म्हणजे १९०० साली, हिला कुणीतरी मिशनच्या दारात सोडून गेलं. सात-आठ वर्षांची असेल. मनगटातली बांगडी खांद्यापर्यंत सरकायची, इतकी वाळलेली. त्या वर्षी मिशनने अशी हजारो पोरं सांभाळली. पोरं गोदामांत झोपायची आणि रात्री झोपेत भाकरी मागायची. ती पोरं आता मोठी झाली. कुणी मास्तर आहे, कुणी पेटिट उद्योगशाळेत गालिचे विणतो, कुणी चर्चिलसाहेबांनी बनवलेल्या झटपट हातमागावर बसतो. (हे चर्चिल वेगळे. बोस्टनला शिकलेले इंजिनिअर, नगरला येऊन विणकरांचे माग सुधारत बसले.) ही पोरगी शाळेत शिकली, लग्न झालं, आणि आज स्वतःचं पोर दाखवायला आली आहे. पोराने मडमबाईंचे पांढरे केस मुठीत धरलेत आणि तो सोडायला तयार नाही. ‘आजी हाय ती, सोड,’ आई म्हणते. मडमबाई म्हणतात, ‘राहू दे.’

त्यांचा आवाज का बदलला, ते दुपारी टपाल आलं की समजेल.

दुपारबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऊन पांढरं पडतं, कोंबड्या मातीत खड्डे करून बसतात, साहेब रुपये-आणे-पैचा हिशेब करतात आणि तो एकदा तरी चुकतो. जेवण म्हणजे मटणाचा रस्सा, भात आणि पंधरा मिनिटं डोळ्याला डोळा.

मग सायकलची घंटा वाजते. अमेरिकेचं टपाल!

घर एकदम जागं होतं. पाकीट हातात घ्या, बोटीच्या तळातला दमट वास त्याला अजून आहे. तिथून निघून महिना होत आलेला. पत्रात लिहिलंय की धाकट्याला ताप आहे. तो ताप केव्हाच उतरलेला असणार, किंवा उतरला नसेल, आणि मडमबाईंना हे पुढचं पत्र येईपर्यंत कळायचं नाही. त्यांची चार मुलं. एक इथल्याच दफनभूमीत, अडीच वर्षांचं. बाकीची तिघं एकेक करून नवव्या-दहाव्या वर्षी बोटीवर चढवून शिकायला पाठवली. या जोडप्यांच्या आयुष्यातली मला सर्वांत अवघड वाटते ती ही गोष्ट. ऊन, पटकी, प्लेग, विंचू सोसता येतात. पोटच्या पोराला बंदरावर रुमाल हलवून निरोप द्यायचा आणि पुढची भेट सात-आठ वर्षांनी रजेवर, तेव्हा समोर एक उंच, अनोळखी मुलगा उभा, हे कसं सोसलं असेल?

पाकिटातून एक सुतळी पडते. उचला. एका टोकाला गाठ, दुसऱ्या टोकाला लाल रेशमाचा तुकडा. मुलीने लिहिलंय: ही तुझ्या नातीची उंची, पाच वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी मोजलेली. मडमबाई काही बोलत नाहीत. व्हरांड्याच्या खांबापाशी जातात, सुतळीचं एक टोक बुटाच्या टोकाने जमिनीवर दाबतात, दुसरं खांबावर ताणतात आणि पेन्सिलीने रेघ ओढतात. खांबावर अशा आणखी तीन रेघा आहेत. या नातीला त्यांनी अजून पाहिलेलं नाही. पण ती कुठवर पोहोचते हे त्यांना ठाऊक आहे. रेघेवरून हात फिरवताना त्यांचा तळवा नातीच्या डोक्यावर असावा तसा थांबतो. ती हिरव्या लुगड्यातली बाई अजून गेलेली नसते. ती पोराला खांबापाशी उभं करते. दीड वर्षाचं पोर, पाय लटपटतात. ‘ह्याचीबी काढा, आई.’ पाचवी रेघ निघते, बरीच खाली.

उन्हं कलली. उठा, दमणी जुंपली आहे. दोन कोसांवरच्या गावात आज कीर्तन आहे. हो, कीर्तनच. नगरच्या ख्रिस्ती मंडळींनी टाळ-मृदंगासकट ते आपलंसं केलंय, आणि नगरमध्येच नारायण वामन टिळकांसारखा कवी राहतो, त्याची भजनं पोरांना पाठ आहेत. वाटेत एक शेतकरी हात वर करून बैल थांबवतो. शाळूच्या रानात आगटी पेटली आहे. साहेब या वयातही टुणकन खाली उतरतात. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत कणसं खुपसायची, भाजली की तळहातावर चोळायची, फुंकर मारून फोल उडवायचं. घ्या तुमचाही घास. हिरवा, गोडसर, चटका लावणारा हुरडा, सोबत लसणाची चटणी. साहेबांचे पुढचे दात गेलेत, ते हुरडा गालात धरून हळूहळू चावतात आणि शेतकऱ्याशी पावसावर बोलतात. मडमबाई चटणी दुसऱ्यांदा मागून घेतात. हे खाणं पत्रात कसं लिहायचं, हा प्रश्न त्यांना दर वर्षी पडतो, कारण इंग्रजीत हुरड्याला शब्दच नाही.

गावात पोहोचेपर्यंत काळोख होतो. महारवाड्यापुढच्या मोकळ्या जागेत दोन बांबूंना धोतर ताणून बांधलंय. आधी जादूचा कंदील. रॉकेलची ज्योत, भिंगाचा पितळी डोळा, तापलेल्या पत्र्याचा उग्र वास, आणि काचेवरचं रंगीत चित्र धोतरावर माणसाएवढं मोठं होतं. पोरं ओरडतात. वारा आला की चित्रातला मेंढपाळ हलतो आणि पोरं पुन्हा ओरडतात. पाटलाच्या घरची माणसंही लांब कट्ट्यावर येऊन बसलीत, आलो नाही असं दाखवत. मग टाळ. मग मृदंग. तुम्हाला वाटेल आपण नुसते पाहुणे, पण तिसऱ्या ध्रुपदाला तुमचा हात मांडीवर पडायला लागतो. मडमबाई छोटी बाजाची पेटी वाजवतात. बोटं सांध्यांत सुजली आहेत, एक सूर दर वेळी चुकतो, आणि सगळा महारवाडा तो चुकलेला सूर सवयीने सांभाळून घेतो.

परतताना दमणीखाली कंदील झुलतो आणि चाकांच्या सावल्या रस्त्यावर भलत्याच मोठ्या होऊन फिरतात. घोंगडं अंगावर ओढून घ्या. दोघं हळू आवाजात बोलत आहेत. बोस्टनहून मिशनच्या मंडळाचं पत्र आलंय, आता वय झालं, हवं तर परत या. साहेब विचारतात, ‘मग, जायचं का घरी?’ ते इंग्रजीत विचारतात. बऱ्याच वेळाने मडमबाई मराठीत उत्तर देतात, ‘घरीच तर चाललोय.’ आणि खरंच, वळणावर बंगल्याचा दिवा दिसतो.

हे जोडपं माझ्या मनातलं आहे, पण त्यांचं दुखणं खऱ्या माणसांचं होतं. डॉ. रूथ यांचे वडील रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा जन्मच १८४७ साली मुंबईत, भायखळ्याला झाला. वडील मिशनरी, ते अमेरिकेला परतताना १८५४ साली समुद्रातच वारले. मुलगा अमेरिकेत शिकला, १८७४ साली नगरला आला आणि जवळजवळ बावन्न वर्षं राहिला. त्यांची पत्नी केटी हीसुद्धा याच भागातल्या मिशनरी फेअरबँक यांची लेक. ह्यूमसाहेब १९२६ साली, ऐंशीच्या उंबरठ्यावर, अमेरिकेला गेले आणि १९२९ साली तिथेच वारले.