घरगुती इनक्युबेटर: तापमान आणि आर्द्रता नीट कशी ठेवायची?

शहापूर-मुरबाडकडे घरोघरी गावठी कोंबड्या असतात. खुडूक कोंबडी नसेल तर अंडी उबवायला इनक्युबेटर कामाला येतो. मी मुरबाडच्या घरी थर्माकोलच्या खोक्यात बल्ब, पंखा आणि डीएचटी११ सेन्सर लावून तो बनवला. पहिल्या खेपेला एकही पिल्लू निघालं नाही. कोड बरोबर होता, सेन्सरचा आकडा चुकत होता!

तापमान: अंडं २१ दिवसांत उबतं. पंख्याच्या इनक्युबेटरला ३७.५ अंश सेल्सिअस लागतं. डीएचटी११ दोन अंशांपर्यंत चुकू शकतो, म्हणजे स्क्रीनवर ३७.५ दिसताना आत ३९.५ असू शकतं. डीएचटी२२ साधारण अर्धा अंशच चुकतो. तोच घ्या.

आर्द्रता: पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे ३ दिवस ६५ ते ७० टक्के. हवा कोरडी पडली तर कवचाखालचा पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो. दमटपणा सतत जास्त राहिला तर अंड्यातली हवेची जागा लहान राहते आणि पिल्लू गुदमरतं. इथे पाण्याची खोली नाही, पसारा महत्त्वाचा. म्हणून मे महिन्यात पसरट ताटली, जुलैच्या पावसात छोटी वाटी.

सेन्सर तपासा: बंद डब्यात ओलसर मीठ आणि सेन्सर एकमेकांना न लागता रात्रभर ठेवा. आकडा ७५ टक्क्यांजवळ यायला हवा.

लाइट गेली तर: खोकं उघडू नका. बल्बचा स्विच बंद करा, मगच गोधडी टाका, हवेची भोकं मोकळी ठेवा. लाइट आल्यावर आधी गोधडी काढा.

दुसऱ्या खेपेला माझ्या १२ अंड्यांतून ९ पिल्लं निघाली. कोड तोच होता, फक्त सेन्सर बदलला.