‘तलवार’, ‘नर्मदा’ आणि खलाशी

‘तलवार’ म्हटले की लाटा कापीत जाणारी युद्धनौका डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु १९४६ साली मुंबईत असलेल्या ‘तलवारी’ला पाण्याचा स्पर्शही नव्हता. ती कुलाब्यातील संदेशशाळा. किनाऱ्यावरील ठाण्यालाही जहाजाचे नाव द्यावयाचे, हा आरमारी रिवाज! पण हा तपशील गमतीचा नव्हे. बंड तोफा चालविणाऱ्यांत नव्हे, तर बिनतारी यंत्रावर बसणाऱ्या पोरांत सुरू झाले, म्हणूनच ते इतक्या वेगाने पसरले.

ही पोरे शिकलेली होती. महायुद्धात ‘सतलज’ आणि ‘जमना’ या आपल्या नौका सिसिलीपर्यंत जाऊन लढल्या होत्या. तरी पगार व अन्न यांत गोऱ्या-काळ्याचा भेद कायमच होता. त्यात अधिकाऱ्यांच्या शिव्या. आझाद हिंद सेनेवरील खटल्यांच्या बातम्या बराकीत पोचतच होत्या. बी. सी. दत्त या तरुणास भिंतीवर घोषणा रंगविल्याबद्दल अटक झाली, आणि १८ फेब्रुवारीस ‘तलवारी’ने अन्न व काम दोन्ही नाकारले. दोन दिवसांत बिनतारी संदेशांनी ही ठिणगी कराचीपर्यंत नेली. संपसमितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदनसिंग हे दोघेही संदेशखात्यातलेच. डोलकाठ्यांवर काँग्रेस, लीग आणि कम्युनिस्ट असे तिन्ही झेंडे चढले. फाळणीला तेव्हा दीडच वर्ष उरले होते!

२१ तारखेस कॅसल बराकीत गोळीबार झाला, तेव्हा मुंबईकर गेटवेपाशी खलाशांसाठी अन्न घेऊन धावले. दुसऱ्या दिवशी परळला कमल धोंडे गोळीस बळी पडल्या. त्या दिवसांत शहरात दोनशेहून अधिक माणसे मेली.

सरदार पटेलांनी शरण जाण्याचा सल्ला दिला. तो व्यवहारी होता असे मी मानतो; आणखी रक्त सांडून हाती काही लागले नसते. सूड उगविला जाऊ नये म्हणून काँग्रेस झटेल, असे आश्वासनही त्यांनी दिले. २३ तारखेस खलाशी शरण आले. पुढे शेकडो जण बडतर्फ झाले.

फाळणीत जहाजांची वाटणी झाली. मुंबईच्या संपात असलेली ‘नर्मदा’ पाकिस्तानात जाऊन ‘झेलम’ झाली; ‘सतलज’, ‘जमना’, ‘कृष्णा’ आणि ‘कावेरी’ आपल्याकडे राहिल्या. बडतर्फ खलाशांना मात्र दोहोंपैकी एकाही आरमाराने परत घेतले नाही.