दुसऱ्या कळीवर काय होतं?

एम.एस्सी.च्या सेमिनारमध्ये मी एक आकडा मोठ्या ऐटीत सांगितला होता: कोकेन अमर्याद मिळालं तेव्हा 30 दिवसांत 90 टक्के उंदीर मेले. हेरॉईनच्या गटात 36 टक्के. बोझार्थ आणि वाइज यांचा 1985 चा पेपर. आकडा खराच आहे. पण कोकेनऐवजी निवडायला त्या उंदरांपुढे दुसरं बक्षीस होतं का, हे मला कुणी विचारलं नाही आणि मलाही सुचलं नाही. नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग पर्याय दिला की झालं? तसंही नाही. 1978 मध्ये आयग्नर आणि बाल्स्टर यांनी ऱ्हीसस माकडांना दर 15 मिनिटांनी कोकेन किंवा अन्न यांतलं एक निवडायला दिलं. आठ दिवस माकडं जवळजवळ कोकेनच घेत राहिली. वजन घटत गेलं. पुढे 1991 मध्ये नेडर आणि वुल्व्हर्टन यांनी अन्नाचं प्रमाण वाढवून पाहिलं, तर कोकेनची निवड कमी झाली. डोस मोठा केला की मात्र माकडं परत कोकेनकडे वळत. म्हणजे पर्याय असणं पुरत नाही, तो किती मोठा आहे हेही मोजावं लागतं.

2007 मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या गटाने उंदरांपुढे दोन कळा ठेवल्या. एक दाबली की शिरेतून कोकेन, दुसरी दाबली की सॅकरिनचं गोड पाणी. एक निवडली की दुसरी त्या वेळेपुरती गेली. 94 टक्के उंदरांनी सॅकरिन निवडलं, ज्यात एक कॅलरीसुद्धा नाही! आधी कोकेनचं प्रमाण वाढवत नेलेले उंदीरही बहुतेक तिकडेच वळले. यावरून ‘गोड हे कोकेनहून व्यसनी’ असं म्हणणारे भेटतात. मला ते उलटं वाचन वाटतं. कोकेनची ओढ आपण समजत होतो तितकी अटळ नाही, एवढंच यातून निघतं.

माणसांवरचं काम याच्या कितीतरी आधीचं आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट विद्यापीठात स्टीफन हिगिन्स यांनी कोकेन सोडू पाहणाऱ्यांना लघवीची तपासणी स्वच्छ आली की व्हाउचर दिले. सलग स्वच्छ राहिलं की रक्कम वाढायची. रोख हातात नाही, त्याबदल्यात वस्तू. 1994 च्या अभ्यासात 40 जण होते. समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच. व्हाउचरच्या गटातले 75 टक्के लोक 24 आठवडे टिकले, दुसऱ्या गटातले 40 टक्के.