श्रुतीचे माप आणि गवयाचा कान

षड्जापासून पंचम, त्या पंचमाचा पुन्हा पंचम, असे बारा वेळा चढत गेले, तर सात सप्तके ओलांडून आपण पुन्हा षड्जावर यावयास हवे. प्रत्यक्षात आपण त्याच्या किंचित वर जातो. हे उरणारे अंतर सुमारे पाव अर्धस्वराइतके असते. युरोपातील शास्त्रकारांनी अशा अंतरांना 'कॉमा' म्हटले. हा हिशेबनीसाचा दोष नव्हे. निसर्गाचीच बेरीज तशी आहे.

आपल्याकडे या बारीक अंतरांचा विचार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात दोन वीणांचा प्रयोग येतो. दोन्ही सारख्या लावावयाच्या, मग एकीचा पंचम जरासा उतरवावयाचा. जेवढा उतरला ती प्रमाणश्रुती. सा, रे, ग, म, प, ध, नी यांना अनुक्रमे ४, ३, २, ४, ४, ३, २ अशा बावीस श्रुती त्याने वाटून दिल्या. तारेची लांबी मात्र सांगितली नाही. कसोटी कानाची ठेवली. तारेच्या लांबीवर स्वर मांडले ते अहोबलाने, सतराव्या शतकातील 'संगीत पारिजात' या ग्रंथात.

हा भेद किती, ते आपण तारेवर पाहू. ९० सेंटिमीटर लांबीच्या तारेवर षड्ज धरला, तर पंचम ६० वर निघतो. एक ऋषभ ८० वर लागतो, दुसरा किंचित उतरलेला ८१ वर. सारा वाद या एका सेंटिमीटरचा!

१९१० साली सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपले इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँ यांचे गाणे ऐकून त्यांनी स्वर मोजले होते. आय.सी.एस. अधिकारी क्लेमेंट्स यांनी त्यांची बाजू उचलली आणि श्रुतींची खास पेटी तयार करविली. १९१६ साली बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली; परंतु जमलेल्या गायक-पंडितांत तिच्याबद्दल एकमत झाले नाही. भातखंडे यांनी तर आपली थाटपद्धती बारा स्वरांवरच उभारली होती.

आम्ही कामगारांत वावरणारी माणसे. मापाचा प्रश्न निघाला की आम्ही प्रथम विचारतो, पट्टी कोणाच्या हाती आहे? देवलांची धडपड मोलाची होती. पण मोजलेला आकडा एकदा पेटीत बसला की तोच गवयाला 'तू चुकलास' म्हणू लागतो. वास्तविक आकडा निघाला गवयाच्याच गळ्यातून. एकच गवई दोन रागांत एकच स्वर जरा वेगळा लावतो, हे कोणत्याही बैठकीत ऐकू येते.

साध्या पेटीचे दुखणे खरे आहे. समान बारा भागांच्या जुळणीत तिचा गंधार त्याच तारेच्या मापाने ७२ ऐवजी सुमारे ७१.४ वर पडतो, म्हणजे चढा लागतो. याच कारणास्तव टीका वाढली आणि १९४० साली आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली. ती सैल होण्यास १९७१ साल उजाडले. या तीस वर्षांत श्रुतिशास्त्राचा निकाल लागला नाही. परंतु पेटीवर पोट असणाऱ्या साथीदारांना रेडिओचे दार बंद राहिले. ज्या वाद्याने गोविंदराव टेंबे यांच्यासारखा कलावंत दिला, ते एका सरकारी हुकुमाने बाहेर गेले. शास्त्रचर्चेची किंमत भरली ती चर्चेत ज्यांना कोणी बोलाविले नव्हते त्यांनी.

दोष पेटीत असेल तर तो दूर करणारे हातही येथेच होते. पितळी सुराचे टोक घासले की स्वर चढतो, बुडाशी घासले की उतरतो. हे पेटी दुरुस्त करणाऱ्या कारागिराला रोजचे काम आहे. हल्ली डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुती काढता येणारी पेटी सिद्ध केली आहे. तेव्हा श्रोतेहो, पट्टी जरूर वापरावी. परंतु ती लावताना गाणारा, वाजविणारा आणि वाद्य घडविणारा या तिघांनाही शेजारी बसवून घ्यावे, एवढेच आमचे मागणे आहे.